खंडेनवमीला उजळलेली शेंबी

मी एक जुनी शेंबी आहे, मित्रांनो; भाल्याच्या मागच्या टोकाला बसवतात ती, कांस्याची. मॅसिडोनियाच्या राजाचे निवडक घोडेस्वार स्वतःला राजाचे ‘सखे’ म्हणवीत. त्यांच्यापैकी एकाच्या भाल्याला मी होते. राजाच्या पंगतीला बसणे हा त्या उमरावांचा मान. माझ्या धन्याने माझ्या अंगावर बारीक ठिपक्यांनी आपले नाव कोरून घेतले होते. पुढचे पाते मोडले, की तो भाला उलटा करून माझ्या बळावर लढे.

रणात मात्र तो मेला नाही. राजाविरुद्ध कट केल्याचा संशय आला आणि तिथल्या रीतीप्रमाणे सैन्यासमोर त्याच्याच सख्यांनी त्याला भाल्यांनी मारले. त्यांतला एक भाला त्याचाच होता. पाते त्याच्या छातीत शिरले, तेव्हा मी मारणाऱ्याच्या मुठीमागे होते. पुढे त्याचे नाव कोणी घेतले नाही. दोन सहस्रांहून अधिक वर्षे मातीत पडून मीही त्याचा उच्चार विसरले. अंगावरच्या हिरव्या थरातले ठिपके तेवढे विसरले नव्हते.

रेगेन्सबर्गमधले एक वृद्ध जर्मन गृहस्थ वृद्धाश्रमात निघाले, तेव्हा मातीतून निघून आजोबांच्या काळापासून घरात असलेल्या मला त्यांनी शेजारच्या शशिकांतरावांच्या हाती सोपवले. शशिकांतराव मोटारींचे अभियंते. त्यांनी माझे छायाचित्र कायझर्सलाउटर्नच्या, ओळखीतल्या धातुसंशोधक धम्मदीपाला धाडले.

“काका, गंजात अक्षरं दिसतायत,” ती फोनवर म्हणाली. “दसऱ्यानंतर येते. इन्स्टिट्यूटमध्ये एक्स-रे काढू.”

पत्नीला हे सांगायचे शशिकांतरावांकडून राहून गेले.

खंडेनवमी आली. शोभनाबाईंनी मला चिंचेच्या कोळात भिजवले, काथ्याने घासले, हळदकुंकू वाहिले.

“अहो, बघा कशी लखलखतेय. शस्त्र काय असं हिरवंकाळं पुजायचं?”

शशिकांतरावांनी तेव्हा कुठे त्यांना अक्षरांचे आणि एक्स-रेचे सांगितले.

धम्मदीपा आली. तिने बराच वेळ माझ्यावर भिंग फिरवले.

“काकू, वरच्या धातूचा कधीच गंज झाला होता. नाव त्या गंजाच्या थरातच उरलं होतं.”

“मग आता? तुझ्या एक्स-रेत?”

“नाही काकू. आता कुठेच नाही.”

“मी पूजाच केली गं,” शोभनाबाई हळूच म्हणाल्या. “कोणाचं होतं?”

“तेच तर वाचायचं होतं.”

मित्रांनो, शोभनाबाईंच्या मनात भक्ती होती. भाले उचलणाऱ्या त्या सख्यांच्या मनातही राजभक्तीच होती. जुन्या वस्तूवर हात उगारण्यापूर्वी, मग तो प्रेमाने का असेना, तिच्या अंगावर काय आहे ते जाणत्याला विचारा.

कपाटात मी आता सोन्यासारखी चमकते. पाहणाऱ्याला माझ्यात स्वतःचा चेहरा दिसतो. तिथे एक नाव होते.