बिबीजानच्या पद्धतीचा ब्रोकर

सोलापुरातल्या आमच्या टॉवेल कारखान्यात मागांचं सॉफ्टवेअर सी भाषेत, ऑफिसचं जावात आणि गोदामाचं पायथनमध्ये. तिघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. मध्ये निरोप्याचं काम करणारा मेसेज ब्रोकर निवडायची जबाबदारी नव्या इंजिनिअरवर, इफ्रावर आली. नोकरीतली पहिलीच परीक्षा. सल्लागारांनी सुचवलेला ब्रोकर जावाखेरीज कुणाला ओळख देत नव्हता.

इफ्राची आई बिबीजान याच कारखान्यात तेलुगू मालकांचे निरोप कन्नड, मराठी आणि दखनी कामगारांना पोचवते.

"अम्मी, निरोप कसा देतीस?"

"ज्याच्या त्याच्या भाषेत. अन् समोरचा 'कळलं' म्हणेपर्यंत हलत न्हाय की!"

इफ्रानं नेमका तसा ब्रोकर शोधला. महिनाभरात एकही निरोप हरवला नाही. मालकांनी सगळ्यांदेखत तिचं कौतुक केलं.

ही बातमी बिबीजाननं चारही भाषांत कारखानाभर पोचवली, आणि समोरचा 'कळलं' म्हणेपर्यंत ती हलली नाही.