दोन मिलिग्रॅम जास्त

"जास्त? काका, कमी म्हणायचंय ना तुम्हाला?"

"कमी म्हणायचं असतं तर कमीच म्हटलं असतं, बाई. दोन मिलिग्रॅम जास्त. तीनदा तोलली."

इंजिनिअरबाई खुर्चीतून उठली ती तराजूच्या काचेला नाक टेकवूनच थांबली. आकडा हलायला तयार नव्हता. आत ठेवलेली बोटाच्या पेराएवढी धातूची कांडी सकाळी सहापासून गरगर फिरणाऱ्या पोलादी चकतीवर दाबून धरलेली होती. वरून थेंबथेंब तेल आणि खालून घासणं, असे पाच तास. इतका छळ सोसून तिनं रोडावायचं, तर तिनं चक्क बाळसं धरलं होतं.

तपासणी खोलीतल्या या माणसाला सगळा कारखाना तोळामासा म्हणे. प्रकृतीवरून नव्हे, प्रकृती अशी की दारातून आत येताना तो जरा तिरका व्हायचा. काय किती झिजलं ते तोलून सांगायचं, हे त्याचं सत्तावीस वर्षांचं काम. सवयीनं तो माणसांचीही झीज काढून ठेवी. प्रेसवाल्याचा उत्साह जेवणाच्या सुट्टीपर्यंत निम्मा उतरतो, भट्टीवालीचा राग महिन्याला एखादा कण कमी होतो, साहेबांचा शब्द मात्र दिल्या दिवसापासूनच वजनात कमी. आणि घरी बायकोची जीभ: झीज शून्य.

कारखाना होता लोखंडाच्या पुडीचा. पूड साच्यात दाबायची, भट्टीत वितळू न देता भाजायची, की पंपाचं दातेरी चाक तयार. कापाकापी नाही, कीस नाही. खोट एवढीच की अशा चाकाच्या पोटात डोळ्यांना न दिसणारी भोकं राहतात आणि ते अखंड पोलादापेक्षा लवकर झिजतं. जुन्या मिश्रणाच्या कांडीची झीज बारा मिलिग्रॅम. पंपवाल्या कंपनीनं बजावलं होतं: सहाच्या आत आणा, नाहीतर आम्ही अखंड पोलादाची चाकं घेऊ.

म्हणून इंजिनिअरबाई आली होती. तिनं पुडीत निकेल घातलं, कसलीशी कठीण बारीक कणी मिसळली. पहिलं मिश्रण इतकं कडक झालं की काचेसारखं तडकलं. दुसरं स्वतः झिजलं नाही, पण समोरच्या चकतीलाच खाऊन बसलं. "अशी माणसं असतात," तेव्हा तोळामासा म्हणाला होता, "स्वतः टिकतात, घर संपवतात." तिसऱ्या मिश्रणाला साहेबांनी परवानगी दिली ती शेवटची म्हणून. हे नापास झालं की बाईनं आपली पुस्तकं उचलून दुसरी नोकरी बघायची, हे कुणी बोललं नव्हतं. पण सगळ्यांना माहीत होतं.

तीच ही तिसरी कांडी.

"वरती पापुद्रा बसला असणार," बाई म्हणाली. तिचा आवाज चढत चालला होता. "तेल आणि दाब मिळून पृष्ठभागावर एक थर तयार होतो, काका. तो झीज थांबवतो. वजन थोडं वाढूही शकतं!"

शिकलेल्या माणसाला हवं ते कारण सापडायला वेळ लागत नाही. न शिकलेल्यालाही लागत नाही, पण तो ते इतक्या छान शब्दांत सांगू शकत नाही.

तोळामाशानं वहीत लिहिलं: झीज, उणे दोन.

साहेब धावतच आले. आकडा पाहिला, वही पाहिली, आणि बाईला सोडून तोळामाशालाच मिठी मारली. तीही अर्धीच, पूर्ण मावत नव्हती. "उणे! अहो, सहाच्या आत मागितली होती, आपण शून्याच्याही खाली नेली! सगळ्यांना चहा सांगा!" आणि तिथूनच त्यांनी पंपवाल्या कंपनीला फोन लावला. बाई कोपऱ्यात फोनवर आपल्या वडिलांना सांगत होती, "अहो बाबा, झिजलीच नाही! खरंच!" आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसत होती.

चहा आला. तोळामाशानं कप उचलला, आणि तराजूशेजारच्या पांढऱ्या कागदाकडे त्याचं लक्ष गेलं. तीनदा तोलताना मधेमधे कांडी त्यानं तिथं ठेवली होती. कागदावर नखाएवढा एक डाग होता. पलीकडचं टेबल दिसावं असा, तेलकट.

त्यानं कप खाली ठेवला.

नियम त्याचा स्वतःचाच होता. भोकांच्या पोलादाला तेल म्हणजे उन्हातून आलेल्याला पाणी. मिळेल तेवढं पिऊन घेतं. म्हणून कांडी आधी रसायनात धुवायची, तासभर ओव्हनमध्ये वाळवायची, निववायची आणि मग तोलायची. सत्तावीस वर्षांत एकदाही त्यानं हे चुकवलं नव्हतं. आज चुकवलं होतं, कारण नेमकी कांडी चकतीवरून काढत असताना बायकोचा फोन आला होता.

"पास!" ती एवढ्या जोरात ओरडली होती की यंत्राच्या आवाजातही प्रेसवाल्यानं वळून पाहिलं. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, चौथ्या खेपेला, ती गाडी चालवायच्या परीक्षेत पास झाली होती. तोळामाशानं तिथल्या तिथं एक गिरकी घेतली होती; आजूबाजूची दोन स्टुलं पडली. आणि त्याच गिरकीत चिमट्यातली कांडी थेट तराजूत गेली होती.

तो बाहेर पुडीच्या पिंपांमागे गेला आणि बायकोला फोन लावला.

"तुझ्यापायी घोटाळा झाला," त्यानं सुरुवात केली आणि सगळं सांगितलं. "आता गप्प बसावं म्हणतो. मिश्रण चांगलं वाटतंय. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलंय, साहेबांनी फोनसुद्धा केला."

"मिश्रण चांगलंय हे तुम्हाला ठाऊकय?"

"वाटतंय."

"अहो, मलाही तिन्ही वेळा वाटलं होतं पास होणार म्हणून. आणि माझ्यापायी काय हो? मी तीनदा नापास झाले, एकदा तरी तुमचं नाव घेतलं? परत गेले न् परत दिली. तुम्हीही द्या. ठेवते, मला गाडी धुवायचीय."

झीज शून्य, तोळामासा मनात म्हणाला, आणि आत गेला.

"साहेब, आकडा खोटा आहे."

चहाचे कप हवेतच थांबले.

"कांडी धुतली नव्हती मी. पोटात तेल घेऊन बसलीय. हे दोन मिलिग्रॅम तेलाचे आहेत. त्याखाली झीज किती लपलीय ते मला आत्ता माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?" साहेबांचा चेहरा लांबला. "मी तिकडे सांगून बसलोय! किती असेल? एक? दोन?"

"चारही असेल. चौदाही असेल."

"अहो, मग राहू दे ना! तुमच्या आकड्यावर आजवर कुणी शंका घेतलीय का?"

"म्हणूनच."

बाईच्या हातात फोन होता आणि फोनवर अजून वडील होते. "बाबा, नंतर करते," ती म्हणाली. मग तोळामाशाकडे वळली. "काका, अर्धा तास तुम्ही मला ढगात बसवलंत."

"बसवलं खरं."

"आता उतरवा. धुवा ती कांडी."

रसायनाच्या भांड्यात कांडी सोडली. तिच्यातून तपकिरी धागे निघाले आणि हळूहळू विरले. दुसऱ्या भांड्यात कमी निघाले, तिसऱ्यात निघालेच नाहीत. मग ओव्हन. त्या एका तासात कारखान्यानं जेवढं काम केलं तेवढं एखाद्या सुट्टीच्या दिवशीही झालं असतं. प्रेसवाला खिडकीशी, भट्टीवाली दाराशी. "माझ्या भट्टीतून निघालीय," ती प्रत्येकाला सांगत होती, "नीटच भाजलीय, पुढचं तिचं नशीब." साहेब येरझाऱ्या घालत होते आणि दर फेरीला ओव्हनच्या घड्याळाकडे असे बघत होते जणू ते त्यांच्या हाताखाली नोकरीला आहे.

कांडी निवली. तोळामाशानं ती चिमट्यानं तराजूत ठेवली, काचेचं दार ओढलं. आकडे पळाले, अडखळले, उभे राहिले. त्यानं कांडी काढली, पुन्हा ठेवली. पुन्हा काढली, पुन्हा ठेवली.

"अहो, बोला की!" भट्टीवाली ओरडली.

"तीनदा तोलायची असते."

"तोलली की तीनदा!"

तोळामाशानं चष्मा काढला. "झिजलीय," तो म्हणाला. बाईनं डोळे मिटले. "चार मिलिग्रॅम. चकतीवर ओरखडासुद्धा नाही. बाराची चार झाली, बाई. पास!"

प्रेसवाल्यानं खिडकीच्या गजावर पाना बडवायला सुरुवात केली. भट्टीवालीनं बाईला कडेवर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं. साहेब मात्र फोन घेऊन कोपऱ्यात गेले होते, आणि पलीकडच्या माणसाला समजावत होते: "नाही, नाही, वाढली नाही, झिजली. हो, झिजली, पण आनंदाची गोष्ट आहे... अहो, ऐकून तर घ्या!"

परत येऊन ते तोळामाशाच्या कानाशी म्हणाले, "ते पान फाडून नवं लिहा. उगाच कुणी पाहिलं तर..."

"पानांना नंबर आहेत, साहेब." तोळामाशानं 'उणे दोन'वर एकच रेघ ओढली, खालचा आकडा वाचता येईल अशी. बाजूला लिहिलं: न धुता तोलली, चूक माझी. खाली सही. त्याखाली: झीज, चार. पुन्हा सही. पहिल्या सहीपेक्षा ही जरा ऐसपैस पडली.

गर्दी पांगली. यंत्रं पुन्हा सुरू झाली. बाई टेबलापाशी रेंगाळली होती. "बघू?" ती म्हणाली.

त्यानं चिमट्यानं कांडी उजेडात धरली. राखाडी अंगाच्या टोकाला, जिथं ती पाच तास घासली गेली होती, तिथं आरशासारखा एक गोल चमकत होता.

"हे चार मिलिग्रॅम," तो म्हणाला. "म्हणजे, इथं होते."

बाईनं बोट पुढं केलं आणि लगेच मागं घेतलं. "हात लावायचा नसतो ना? घामाचंही वजन भरतं."

"भरतं. पण आता तोलून झालीय."

त्यानं तिचा तळहात वर करवला आणि कांडी त्यावर ठेवली. तिनं मूठ मिटली. तोळामाशानं तराजूच्या पेटीचं दार सावकाश लावून घेतलं, आणि पेनाच्या शाईनं बरबटलेली आपली बोटं रुमालाला पुसत बसला.