तळाला लागलेली बाटली

पाऊस आला की लोक छत्री शोधतात, प्रयोगशाळेतल्या बाई कंगवा शोधत. हे त्यांच्या आईचं निरीक्षण. "कुणासाठी गं एवढं? त्या गढूळ पाण्यासाठी?" आई विचारी. एक्केचाळीस वर्षांच्या बाईला आईने असं रंगेहाथ पकडावं, म्हणजे अगदीच झालं. बाई निमूट चपला घालून ऑफिसला निघत.

कंगवा ऑफिसातल्या एका माणसासाठी होता, ज्यांना सगळे बाटलीवाले म्हणत. रस्त्यावरून मोठ्या गटारात येणाऱ्या पावसाच्या पाण्यात गाळ किती, हे पाहायला ते वीस वर्षं हाताने बाटल्या भरून आणत. बाई तो गाळ गाळून, भट्टीत वाळवून तोलत. मग ऑफिसने गटाराच्या काठावर यंत्र बसवलं. पाऊस सुरू झाला की ते नळीने पाणी ओढून स्वतःच्या बाटल्या आपलं आपण भरी. बाटलीवाल्यांची बदली झाली, दोन तासांवरच्या गावी. फक्त मोठ्या पावसाचा अंदाज आला की त्यांनी येऊन यंत्राशेजारी हाताने नमुना घ्यायचा, आणि दोन्ही आकडे जुळले की येणं बंद, असं साहेबांनी ठरवून टाकलं.

आकडे काही जुळत नव्हते. यंत्र दर वेळी निम्माच गाळ दाखवी. साहेब यंत्राच्या नावाने बोटं मोडत, आणि बाईंच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत. बाटलीवाले ओल्या डोक्याने येत, टेबलावर बाटल्या ठेवत, कपभर चहा घेत आणि "बघा बाई, काय निघतं ते," म्हणून बस पकडायला पळत. सगळी मिळून वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांवर बाईंना पुढचे कित्येक कोरडे आठवडे काढावे लागत. बाईंना बाटलीवाल्यांची फार आठवण येई, अगदी भट्टीचं दार उघडतानाही.

अशाच एका कोरड्या दुपारी त्या गटारात उतरल्या आणि यंत्राचं दुखणं त्यांना दिसलं. नळीचं तोंड तळापासून चांगलं वीतभर वर बांधलेलं होतं. जड वाळू खालून निघून जात होती. तीन दिवस बाईंनी तोंडातून शब्द काढला नाही. पण तोललेल्या आकड्यामागची चूक ठाऊक असूनही तो लिहीत राहायचं, हे त्यांच्याने होईना. चौथ्या दिवशी त्यांनी साहेबांना सांगितलं आणि नळी खाली आली.

पुढच्या पावसात बाटलीवाले आले आणि त्यांनी टेबलावर बाटल्या ठेवल्या.

"नळी खाली आलीय," ते म्हणाले.

"मीच सांगितलं."

"बरोबर केलंत." चहा तसाच निवला. त्या दिवशी ते बससाठी पळाले नाहीत, हळूहळू चालत गेले.

बाईंनी वजनं केली. यंत्राचा आकडा चांगलाच वाढला होता. पण बाटलीवाल्यांचा अजूनही त्याच्या दुप्पट! क्षणभर बाईंना टाळी वाजवावीशी वाटली. मग त्यांनी तो वाळलेला गाळ चाळणीवर घेतला. चाळणीत वाटाण्याएवढे दोन खडे राहिले आणि हिरव्या शेवाळाचा एक पापुद्रा, त्याला सिमेंट चिकटलेलं. हे पाण्याबरोबर वाहत आलेलं नव्हतं, तळ खरवडून आलेलं होतं.

"बाटली तळाला लागली की नमुना मेला, बाई." हे त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं ते बाटलीवाल्यांनीच. वीस वर्षांत त्यांचा हात एकदाही चुकला नव्हता.

बाईंनी चाळणी खाली ठेवली. मग वहीत 'नमुना बाद' असं लिहून त्यांनी बाटलीवाल्यांना फोन लावला.

"तुमची बाटली तळाला लागलीय."



"कळलं तुम्हाला," ते म्हणाले.

"कळणारच. बाद लिहिलाय मी."

"लिहायलाच हवं. मी केलं ते वाईटच. म्हणजे आता एखाददुसरा पाऊस. मग माझं तिकडचं काम संपलं."

"हो, काम संपेल." आता मागे फिरायचं नाही असं बाईंनी ठरवलं होतं. "रविवारी पाऊस नाहीये. मी अंदाज पाहिलाय."

"मग?"

"मग या. बाटली आणू नका."