पायडलवरचा ठोकळा

मित्रांनो, नऊ जानेवारीला सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी तारेचे सहा वेढे देऊन मला एका शिलाई मशीनच्या पायडलवर बांधण्यात आले. माझे आयुष्य मी तेव्हापासून मोजतो. मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. लांबीला एक वीत, उंचीला चार बोटे. त्यापूर्वी मी मोडक्या खोक्याचा तुकडा होतो आणि चुलीत जाण्याची वाट पाहत होतो.

मला बांधले ते एका आईने. सीमेपलीकडच्या लढाईतून दहा वर्षांच्या लेकीचा हात धरून, अंगावरच्या कपड्यांनिशी ती आली होती आणि शहराबाहेरच्या छावणीत राहत होती. कपडे शिवण्याच्या एका कारखान्यात आई धागे कापत असे. मशीनवर मात्र लेक बसे, कारण लहान बोटे चपळ असतात आणि लहानांना मजुरी अर्धी द्यावी लागते, असा मालकाचा हिशेब होता. लेकीचे पाय पायडलला पुरत नसत. चवड्यांनी रेटून रेटून पोटऱ्यांत गोळे येत. म्हणून आईने मला शोधले आणि लेकीच्या तळव्याला कुसळ लागू नये म्हणून माझ्या कडा घासून गुळगुळीत केल्या.

"आमच्या खारूताईला सिंहासन मिळालं गं!" शिलाईवाल्या बायका हसल्या. चपळ हातांमुळे साऱ्या तिला खारूताईच म्हणत.

मीही फुशारलो. लेकराच्या पायांना आधार देण्यापरते पुण्य कोणते? पण ते तळवे आधी घामेजत, मग थरथरत. आणि गल्लीतून शाळेची मुले कलकलाट करीत गेली की क्षणभर थांबत.

"काय गं, मशीनला डुलकी लागली का?" मुकादम लगेच खेकसे.

तिथे गणवेशच शिवले जात. एका दुपारी शाळेच्या मुख्याध्यापिका बाई ते न्यायला आल्या, तेव्हा खारूताई नुकताच शिवलेला एक गणवेश अंगाला लावून पाहत होती.

"ही केवढी आहे?" बाईंनी विचारले.

"सोळाची. अंगानं बारीक आहे," मुकादम म्हणाला.

"सोळाची? मग चौथीचा गणवेश हिच्या मापाचा कसा?"

मुकादम गणवेशांचे गठ्ठे मोजू लागला. बाईंनी वाकून मशीनखाली पाहिले आणि मी त्यांच्या नजरेस पडलो. "आणि हा ठोकळा?"

आई कात्री टाकून पुढे आली. "मीच बांधलाय, बाई. पोरीचे पाय दुखत होते. शाळेत कोण घेणार आम्हाला? कागदपत्रं सगळी तिकडंच जळाली."

"कागद जळाले, पण पोरगी समोर उभी आहे ना? शिकायचा हक्क तिचा आहे. उद्या घेऊन या, कागदांचं मी बघते."

"आणि पोटाचं कोण बघणार, बाई?"

बाई गणवेशांचा हिशेब घेऊन आलेल्या मालकाकडे वळल्या. "मशीन रिकामं होतंय. त्यावर आईला बसवा, पूर्ण मजुरीवर. नाहीतर गणवेश आम्ही दुसरीकडे शिवू, आणि का ते कामगार कार्यालयालाही कळवू."

मालक खाकरला. "माझं कुठं काय म्हणणं आहे?"

आईने पक्कड घेऊन तार सोडली. तिचे पाय पायडलवर सपाट टेकले. मला ती भिरकावणार, तोच खारूताईने तिचा हात धरला.

"राहू दे ना, आई. तिथला फळा उंच असला तर?"

फळा उंचच निघाला. टाचा उचलूनही चार बोटे कमी पडत होती आणि मी नेमका तेवढाच आहे! आता मी वर्गात फळ्याखाली असतो. माझ्यावर खडूची भुकटी सांडते आणि खारूताईचे पायही थरथरत नाहीत.

मित्रांनो, एखाद्या यंत्रापर्यंत, भट्टीपर्यंत किंवा ओट्यापर्यंत हात पोहोचावा म्हणून कोणा मुलाच्या पायाखाली खोका, डबा किंवा ठोकळा ठेवलेला दिसला, तर तसेच पुढे जाऊ नका. विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा.

खारूताईच्या पाठोपाठ छावणीतली आणखी मुले शाळेत आली. आजची हजेरी: छावणीतली मुले अकरा. कारखान्यातल्या पायडलांवर ठोकळे: शून्य.