नाताळची हजेरी

मिरचीसारखी लालभडक साडी पलंगावर पसरून शैलाबाई म्हणाल्या, "हीच नेस. मागच्या वर्षी पप्पांनीच पसंत केली होती. नाही नेसलीस तर विचारतील."

"मम्मी, मला लाल नको. आज तरी नको."

"आजच तर हवी ना गं." सासूबाई साडीची घडी उगाचच सरळ करत राहिल्या. "एवढा नाताळ होऊन जाऊ दे, मग सांगूच त्यांना."

हे 'मग सांगूच' ऐकून रेवतीचे कान किटले होते. आधी टाके सुकू देत म्हणाले, मग थंडीची लाट ओसरू दे म्हणाले, आता नाताळ. उद्या नवीन कारण निघणार, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. तरी तिने साडी नेसली. भांडायला त्राण कुणाला होतं?

सहा आठवड्यांपूर्वी पुष्कर, तिचा नवरा, मस्कतला ऑफिसच्या खुर्चीतच हार्ट अटॅकने गेला. बेचाळिसाव्या वर्षी. रेवतीची नोकरी नोएडात, म्हणून ती इथे मयूर विहारला सासू-सासऱ्यांजवळ राहत होती आणि नवरा दोन वर्षांच्या कंत्राटावर तिकडे. आणि देवाची वेळ बघा, नेमके त्याच आठवड्यात पुष्करचे वडील, भालचंद्र पगारे, बायपास होऊन आयसीयूत पडलेले. डॉक्टर म्हणाले, यांना सध्या कसलाही धक्का नको. झालं. पुष्कर पेटीतून आला, पाळकसाहेबांनी दफनविधी केला, मूठमूठ माती लोटली, आणि त्याच संध्याकाळी रेवती तोंड धुऊन सासऱ्यांच्या खाटेपाशी जाऊन बसली. "काय गं, दमलेली दिसतेस," ते म्हणाले. "ऑफिसात काम फार आहे, पप्पा," ती म्हणाली. त्यानंतर तिला मोठ्याने रडायची सवड म्हणून मिळाली नाही. घर दोन खोल्यांचं, भिंती पातळ, आणि रात्री तिच्या शेजारी सासूबाई झोपत.

खोटं बोलायचं खातं थोरल्या दिराकडे होतं. सिद्धांत गुरुग्रामहून पुष्करच्या नावाने मेसेज लिहून आईच्या फोनवर पाठवी आणि शैलाबाई चष्मा लावून ते पप्पांना वाचून दाखवीत. 'प्रिय पप्पा, नेटवर्कमुळे फोन लागत नाही. औषधे वेळेवर घ्या. आपला पुष्कर.' रेवतीला ते ऐकून संताप यायचा. पुष्करने जन्मात कधी 'आपला पुष्कर' लिहिलं नव्हतं. तो एक अंगठा पाठवायचा, फार लाडात आला तर दोन.

गार्ड, दूधवाला, चर्चची मंडळी, सगळ्यांना तंबी देऊन ठेवलेली. बाहेर रेवती विधवा, उंबऱ्याच्या आत सवाष्ण. सकाळी उपासनेला निघताना लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या भाटिया आंटी भेटल्या. "बेटा, कैसी हो," म्हणत त्यांनी हात धरला, मग त्यांची नजर साडीवर गेली आणि हात सुटला. रेवतीला वाटलं, लिफ्ट अशीच खाली खाली जात राहावी. तळमजला आला आणि दार उघडलं.

पण साडीचं एक वेळ ठीक होतं. खरा पेच दुपारच्या जेवणाचा होता.

पगाऱ्यांच्या घरात नाताळच्या जेवणाआधी पप्पा प्रार्थना करत, आणि ती साधीसुधी नसे. घरातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन, वयाच्या क्रमाने, त्याच्यासाठी जे मागायचं ते देवाकडे तपशीलवार मागायचं. कुणाची बढती, कुणाचा गुडघा, कुणाचा तापट स्वभाव. मटण निवून त्यावर तुपाची साय धरेपर्यंत हे चाले. पुष्कर त्याला हजेरी म्हणायचा आणि आपलं नाव आलं की डोळे मिटूनच हळूच "हजर" म्हणायचा.

आज पप्पा म्हणणार, 'माझ्या पुष्करला मस्कतमध्ये सुखरूप ठेव.' आणि तिने त्यावर आमेन म्हणायचं! सासऱ्यांशी खोटं, शेजाऱ्यांशी खोटं, ते तिने कसंबसं निभावलं होतं. पण देवाच्या तोंडावर? ज्याने त्याला नेलं त्याच्याकडेच, तो जिवंत असल्यासारखं, त्याची खुशाली मागायची? तिने मनाशी ठरवून टाकलं. ते वाक्य आलं की आपण उठायचं आणि सांगून मोकळं व्हायचं. मग मम्मी छाती पिटोत, दादा ओरडोत, काय व्हायचं ते होवो.

एक वाजता सगळे टेबलाशी बसले. सिद्धांतच्या बायकोने, रुचिराने, करंज्यांचं ताट मधोमध ठेवलं. पप्पा भिंतीला धरत आले, खुर्चीत बसले आणि त्यांनी हात जोडले. सगळ्यांनी माना खाली घातल्या. रेवतीने खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या.

"हे आमच्या स्वर्गीय बापा," पप्पांनी सुरुवात केली. आवाज बारीक झाला होता, पण घाई नव्हती. "शैलाची झोप उडाली आहे, तिला झोप दे. सिद्धांतच्या डोक्यावर कामाचा आणि घराचा भार आहे, त्याला बळ दे. रुचिराच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, डॉक्टरच्या हाताला यश दे."

आता पुष्कर. रेवतीने पाय जमिनीवर रोवले.

"आणि रेवती," पप्पा म्हणाले. मग थांबले, इतके की सिद्धांतने एक डोळा उघडून पाहिलं. "रेवतीला सोडू नकोस. येशूच्या नावाने मागतो. आमेन."

"आमेन," सगळे एका दमात म्हणाले. शैलाबाईंनी सुटकेचा केवढा तरी श्वास टाकला. "विसरले," सिद्धांत रुचिराच्या कानात पुटपुटला. "भुलीच्या औषधाने होतं म्हणे असं." आणि त्याने मटणाचं भांडं पुढे ओढलं. सगळ्यांना एकदम कडकडून भूक लागली. रेवती मात्र पप्पांकडे बघत राहिली. जो माणूस विहिणीच्या मोतीबिंदूपर्यंत पोचला, तो पोटचा मुलगा विसरेल?

जेवणं आटोपल्यावर ती गोळ्या घेऊन त्यांच्या खोलीत गेली. पप्पा पलंगाला टेकून बसले होते, समोर टीव्ही बारीक आवाजात चालू होता.

"दार लोटून घे," ते म्हणाले.

"पप्पा, एक नाव राहिलं."

"राहिलं नाही." त्यांनी गोळी घेतली, पाणी प्यायले. "आपण गेलेल्या माणसासाठी काही मागत नाही, रेवती. तो देवाजवळ आहे. त्याला आता काय कमी आहे?"

रेवती मटकन पलंगाच्या कडेला बसली. "कधी कळलं तुम्हाला?"

"तू हॉस्पिटलात आलीस ना त्या संध्याकाळी, तोंड धुतलं होतंस, पण चपलांना ताजी माती होती. चाळीस वर्षं मी चर्चच्या लोकांना कबरस्तानात पोचवतोय, ती माती मला कळते. आधी वाटलं, तुझ्या माहेरचं कुणी असेल. मग 'आपला पुष्कर' यायला लागले. गाढव आहे सिद्धांत."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या सासूसाठी. ती रोज सकाळी उठते ती मला फसवायला. चष्मा लावून ते मेसेज वाचते ना, तेवढा वेळ तिचा मुलगा जिवंत असतो. मी माहीत आहे म्हटलं की तिचं तेही जाणार."

"आणि मी?" रेवतीचा आवाज चढला आणि तिने दाराकडे पाहून तो खाली आणला. या खाली आणण्याचाच तिला विलक्षण राग आला. "तुम्ही मम्मींसाठी गप्प, मम्मी तुमच्यासाठी गप्प. मी कुणासमोर रडायचं, पप्पा? माझा नवरा मेलाय."

हे वाक्य तिने पहिल्यांदाच या घरात उच्चारलं होतं.

"चुकलं माझं," पप्पा म्हणाले. "पण तिला सांगायची हिंमत मला अजून होत नाही. तू सांगू नकोस. एवढं ऐक."

तिने मान हलवली, हो की नाही ते तिचं तिलाही कळलं नाही. पप्पांनी उशाशी चाचपून रिमोट उचलला. कुठल्याशा बातम्यांच्या चॅनेलवर चार माणसं भांडत होती. त्यांनी आवाज वाढवला, आणखी वाढवला, खिडकीची काच थरथरू लागली तसा रिमोट खाली ठेवून तिचं मनगट धरलं.

"आता रड," ते तिच्या कानाशी म्हणाले.

रेवती रडली. तोंडावर पदर न घेता, पुष्करला नावाने हाका मारत, सहा आठवड्यांचं सगळं रडली. पप्पा तिचा हात धरून टीव्हीकडे बघत होते आणि त्यांचे गाल ओले झाले होते.

बाहेरून सिद्धांत ओरडला, "पप्पा, अहो आवाज कमी करा! किती मोठा लावलाय!"

"राहू दे रे," शैलाबाईंचा आवाज आला. "कितीतरी दिवसांनी खुशीत आहेत ते आज."