पुसलेलं पाणी

ब्रशाला टोक येईना. ताईंनी तो पुन्हा ओठांत धरून फिरवला, तरी केस फिसकारलेलेच राहिले. शेवटी चिडून त्यांनी तो नळाखाली धरला.

तपासणीच्या प्रयोगशाळेतल्या मागच्या खोलीत ताईंचं काम चाले. माणसांच्या शरीरातून काढलेले तुकडे मेणात बसवायचे, यंत्रावर त्यांचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, ते कोमट पाण्यावर तरंगवायचे आणि ब्रशाने सारखे करून काचपट्टीवर उचलायचे. ब्रशाला ओठांत टोक काढायची खोड त्यांना नोकरी लागल्यापासूनची. ती नियमाविरुद्धच होती. शिकाऊ मुलींना त्या स्वतःच त्यावरून झापत असत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! अशी ही खोड बोलणी खाऊन गेली नव्हती. आता लाळच आटल्यावर ती आपोआप सुटायला आली होती.

आजचा तुकडा त्यांच्याच खालच्या ओठातला होता. ओठाच्या आत लाळेच्या बारीक गाठी असतात, तांदळाच्या कणीएवढ्या. दातांच्या डॉक्टरांनी त्यातल्या चार-पाच काढून पाठवल्या होत्या. टाका अजून टोचत होता. आपला तुकडा आपण कापू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं आणि दुसऱ्याच्या हातावर ताईंचा विश्वास नव्हता.

हे सगळं सुरू झालं घरी, पेपर वाचताना. सासऱ्यांची दृष्टी गेल्यापासून रोज संध्याकाळी ताई त्यांना मोठ्याने पेपर वाचून दाखवत. नवरा बोटीवर नोकरीला, घरात ही दोघंच. म्हातारा तसा खवचट. बातमी निम्मी झाली नाही तोच मंत्र्यापासून संपादकापर्यंत सगळ्यांचा उद्धार करायचा. पण एक दिवस तो मध्येच गप्प झाला.

"सूनबाई, तुझे शब्द चिकटतायत."

"काहीतरीच काय, बाबा!"

"अगं, डोळे गेलेत माझे, कान नाही गेले. कशाने एवढं तोंडचं पाणी पळालंय तुझ्या?"

ताई हसल्या. पण त्या रात्री कोरडा घास घशात अडकला, तेव्हा मात्र त्या घाबरल्या. पुढे डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं, दात किडायला लागले. कुठल्या रोगात असं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. असे तुकडे त्यांनी पुष्कळ कापले होते. म्हणून तर त्या एवढे महिने डॉक्टरकडे गेल्या नव्हत्या.

दुपारी पेशी तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी त्यांना आत बोलावलं. वयाने ताईंपेक्षा पुष्कळच लहान, पण माणूस सरळ. दोघींना एकदम बघता येईल असा मायक्रोस्कोप मध्ये होता.

"ताई, बघता का? की मी नुसतं सांगू?"

"बघते."

गुलाबी रंगात लाळेच्या पेशी द्राक्षांच्या घोसासारख्या दिसत होत्या. त्यांच्यामधून लाळ वाहून नेणाऱ्या नळ्या. बहुतेक गाठी शाबूत होत्या. पण एका गाठीत नळीला वेढा घालून निळ्या ठिपक्यांची गर्दी उभी होती.

"राखणदार पेशी," डॉक्टरबाई हळू म्हणाल्या. "बाहेरच्या जंतूंवर धावून जायच्या, त्या घरातच घुसल्यात."

"कुंपणच शेत खातंय म्हणा की." ताईंनी हसायचा प्रयत्न केला, तर वरचा ओठ दातांनाच चिकटला. "पण इतका गुलाबी भाग शिल्लक आहे. मग तोंडाला एवढी कोरड कशी?"

"सगळ्या पेशी काही मेलेल्या नसतात, ताई. जिवंत असतात पण गप्प असतात. लाळ सोडा, अशी हाक मज्जातंतूकडून येते. ती पेशीच्या दारापर्यंत पोचते. पण या रोगात रक्तातली काही प्रतिद्रव्यं दारच अडवून बसतात, असं म्हणतात. आतल्याला ऐकूच जात नाही. सगळं अजून नीट उलगडलेलं नाही."

ताईंच्या तोंडून भलतंच निघून गेलं.

"डॉक्टर, मी पाणी पुसलं नव्हतं."

डॉक्टरबाईंनी मान वर केली. एकाचा काप उचलल्यावर त्याचा कण पाण्यावर मागे राहिला, तर तो पुढच्याच्या काचपट्टीवर जाऊन बसतो आणि भलत्याच माणसाला भलताच रोग चिकटतो. म्हणून दर तुकड्यानंतर पाण्यावरून टिपकागद फिरवायचा असतो. तो फिरवल्याशिवाय ताईंनी आजवर पुढचा तुकडा हातात घेतला नव्हता.

"सकाळी माझ्या आधी आणखी एकाच्या ओठाचा तुकडा होता," ताई खाली बघत म्हणाल्या. "त्यातली एखादी कणी आली असेल माझ्यात. गडबडीत राहिलं पुसायचं."

"तुमच्याकडून?"

"माणूस आहे मी पण."

डॉक्टरबाईंनी काचपट्टी काढून बाजूला ठेवली. "बरं. मग तोच तुकडा आणखी खोलवर कापा आणि पुन्हा आणा."

ताई मागच्या खोलीत आल्या. यंत्राची मूठ फिरवताना त्यांना स्वतःची लाज वाटत होती. साऱ्या नोकरीत न केलेली चूक त्यांनी आज आपण होऊन अंगावर घेतली होती. तरीही मनात चोरासारखी एक आशा होती. न जाणो, खरंच राहिलं असेल. रोज करतो ते काम हात आपसूक करतात, एखादे वेळी विसरतही असतील. मेणाची फीत पाण्यावर उतरली. त्याआधी त्यांनी टिपकागद फिरवला. एकदा फिरवून समाधान होईना, म्हणून पुन्हा फिरवला.

रंग चढवून त्यांनी काचपट्टी आत नेली. डॉक्टरबाईंनी ती मायक्रोस्कोपखाली सरकवली. ताईंनी आपल्या बाजूने डोळा लावला. खालच्या थरात निळी गर्दी एका गाठीत नव्हती, सगळ्या गाठींत होती. एका गर्दीच्या मधोमध फिकट गोल डाग पडला होता. ही गर्दी नुसती आलेली नव्हती, तिने तिथे बिऱ्हाड थाटलं होतं.

"यावर लक्ष ठेवायला लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गळ्यात, कानाखाली गाठ लागली तर दुसऱ्या दिवसापर्यंतसुद्धा थांबायचं नाही. कॅन्सरची गाठ येईलच असं नाही, पण..."

"पण येते. तसेही तुकडे कापलेत मी."

"ताई," डॉक्टरबाईंनी दिवा बंद केला. "पाणी पुसलं होतंत ना तुम्ही?"

"हो," ताई म्हणाल्या. "पुसलं होतं."

संध्याकाळी सासऱ्यांनी काही विचारलं नाही. ताईंचं पाऊल दारात वाजलं तेव्हाच त्यांना कळलं असावं. ताई पेपर उघडून बसल्या. पहिला मथळा वाचला, दुसरा वाचला. तिसऱ्या ओळीत जीभ टाळ्याला चिकटली आणि शब्द अर्ध्यावरच राहिला.

"नका ऐकू आज, बाबा. राहू दे."

"राहू दे कशाला? घाई कुणाला आहे?" म्हातारा म्हणाला. "पूर्णविराम आला की थांबत जा."

त्यांच्या दोन्ही हातांत पाण्याचा पेला होता. तो ते आधीच भरून घेऊन बसले होते. बाहीवर ओलं होतं, म्हणजे ओतताना थोडं सांडलं होतं. ताईंनी ते वाक्य कसंबसं संपवलं. सासऱ्यांनी आवाजाच्या अंदाजाने पेला पुढे केला आणि पाणी ताईंच्या पेपरावर सांडू नये म्हणून दुसरा हात त्याच्या खाली धरला.