बाहेरून लावलेली कडी

मी कडी बोलतेय. दारांच्या कड्या आतून असतात, मला मात्र बाहेरून ठोकलंय. इसफारा शहरातल्या आमच्या गल्लीत दिवसा दार लावायची रीत नाही, त्यामुळे येणारा-जाणारा आधी मलाच बघतो. मीही सगळ्यांना बघते, खोटं कशाला बोलू!

मला सवसननं आणलं. तिचा नवरा रशियात बांधकामावर. ती सकाळी जर्दाळू निवडायच्या कामाला जाते आणि घरात एकटी सासू, ओयजमोलबाई. अर्ध्या गल्लीला बाईंनी अक्षरं शिकवलीत. आता त्यांना स्वतःची सून ओळखू येत नाही. दवाखान्यात म्हणाले, "वय झालं, घरी सांभाळा." कसं सांभाळायचं, ते कोणी सांगितलं नाही. घरात वेड आहे असा बभ्रा झाला तर परगावी शिकणाऱ्या नणंदेचं ठरलेलं लग्न मोडेल, म्हणून सवसननं तोंड मिटलं आणि मला लावलं.

आतून बाईंचा तळवा फळीवर फिरत राहतो. चोर अडवायला घडवलेली मी, जीव कसनुसा होतो.

परवा शेजारची हनिफाखाला, सगळ्या गल्लीची मावशी, गरम रोटी घेऊन आली. "दिवसाढवळ्या कडी? घरात माणसं राहतात की कोंबड्या?" म्हणत तिनं मला काढलं, रोटी आत ठेवली नि गेली. मागोमाग बाई बाहेर पडल्या, एकाच पायात चप्पल. कोपऱ्यावर बसलेले पुरुष झटकन उठले, छातीवर हात ठेवून वाकले, वाट करून दिली. बाई कालव्याकडे वळल्या. मी नुसती लोंबकळत राहिले. ओरडणार कशी?

सवसन आली आणि रिकामं घर बघून धावत सुटली. बाई कालव्यात गुडघाभर पाण्यात सापडल्या. शाळेत निघाल्या होत्या म्हणे.

"नुसते उठून उभे राहता! कुठे निघालात, एवढं विचारायला तोंड नव्हतं?" सवसन किंचाळली.

"बाईंना कोण विचारणार गं?" मुरोद शिंपी पुटपुटला. "आमची अजून टरकते."

मग भर गल्लीत ती सगळं बोलली. खालानं कपाळावर हात मारला. "अगं मेले, आजार तो! लपवायला काय चोरी केलीस?"

नणंदेच्या सासरचा निरोप अजून नाही. आज सवसन कामाला निघाली, तेव्हा तिचा हात कितीतरी वेळ माझ्यावर होता. शेवटी न लावताच गेली. समोर खाला भाजी निवडत बसलीय खरी, पण तिला डुलकी लागते, ते मला ठाऊक आहे.

म्हणून विनवते. बाई दिसल्या तर सलाम जरूर करा, पण वाट सोडू नका. आधी विचारा, "बाई, कुठे निघालात?"